'द ऑफिस'चा अवघडवणारा विनोद: हसायचं की डोळे मिटायचे?

निळी शाई

अमेरिकन 'द ऑफिस'चे पक्के चाहतेसुद्धा एका भागापाशी अडतात. 'स्कॉट्स टॉट्स', सहावा सीझन, डिसेंबर २००९. कितीतरी जण तो गाळून पुढे जातात आणि तसं अभिमानाने सांगतातही. माझं मत असं की ज्याने हा भाग गाळला त्याने मालिकेचा गाभाच गाळला.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावात डंडर मिफ्लिन नावाच्या कागदविक्री कंपनीची शाखा, तिचा मॅनेजर मायकेल स्कॉट (स्टीव्ह करेल), आणि त्याच्या हाताखालची डझनभर माणसं. कुणी माहितीपटवाले कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे फिरतायत, असा सगळा घाट. एनबीसीवर मार्च २००५ ते मे २०१३, नऊ सीझन, २०१ भाग. मूळ मालिका ब्रिटिश, रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची. ती बीबीसीवर २००१ साली आली.

तर 'स्कॉट्स टॉट्स'. दहा वर्षांपूर्वी मायकेलने तिसरीच्या एका वर्गाला शब्द दिलेला असतो: शाळा पूर्ण करा, कॉलेजची फी मी भरेन. आता ती मुलं शाळेतून बाहेर पडतायत. वाचनाच्या खोलीला त्याचं नाव दिलंय, मुलांनी त्याच्यासाठी गाणं आणि नाच बसवलाय. आणि मायकेलला उभं राहून सांगायचंय की पैसे नाहीत. तिशीपर्यंत लक्षाधीश होऊ असं वाटलं होतं, मग वाटलं चाळिशीपर्यंत, आणि चाळिशीत तर तिशीपेक्षाही कमी उरले. मग तो लॅपटॉपच्या बॅटऱ्या वाटतो. लॅपटॉप नाही, नुसत्या बॅटऱ्या.

या मालिकेत मागे हशाची ध्वनिफीत नाही. बाकीच्या विनोदी मालिकांत कुणीतरी तुमच्या आधी हसतं आणि तुम्हाला मोकळं करतं. इथे वर्ग गप्प होतो आणि ती शांतता तुमच्या अंगावर येते. माझ्या लेखी खरा विनोद तिथे आहे. मायकेलच्या कोट्या बहुतेक वेळा फुसक्याच असतात, विनोद घडतो तो त्या कोटीनंतर खोलीत जे काही पसरतं त्यात. ज्याला सगळ्यांचं लाडकं व्हायचंय तो माणूस तोंड उघडतो आणि नेमका लोकांपासून एक पाऊल लांब जातो, दर वेळी. हे लिहायला आणि वठवायला फार अवघड आहे.

तुम्हाला काय वाटतं?

गच्चीवरचा

मी तो भाग अजून पूर्ण बघू शकलेलो नाही. गाणं सुरू झालं की पुढे ढकलतो. बाकी मालिका पाठ आहे.

सोमवार सकाळ

असहमत, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्यासाठी फक्त मालिकेपुरता नाही.

तुम्ही म्हणता विनोद खोलीतल्या शांततेत आहे. मान्य. पण ती शांतता कशाची असते हे बघा ना. हाताखालची माणसं गप्प बसतात कारण समोरचा त्यांचा पगार ठरवतो. माझ्या आधीच्या नोकरीत असा एक साहेब होता. टीम मीटिंग सुरू झाली की एकेकावर 'गंमत' करायचा. कुणाचं वजन, कुणाचं गावाकडचं इंग्रजी, कुणाचं लग्न न ठरणं. आम्ही हसायचो. मार्चमध्ये अप्रेझल असायचं. त्यालाही वाटायचं की स्टाफ आपल्यावर जीव टाकतो. त्याला वाईट माणूस कुणीच म्हणायचं नाही, 'मनाने चांगला आहे हो' हेच वाक्य दहा तोंडांतून ऐकलंय.

मालिका मायकेलबद्दल हेच वाक्य हळूहळू आपल्या गळी उतरवते. पहिल्या सीझनमध्ये तसं नव्हतं. दुसराच भाग घ्या, 'डायव्हर्सिटी डे'. मायकेलने वांशिक विनोदांची नक्कल केली म्हणून मुख्यालय प्रशिक्षक पाठवतं. मायकेल कबुलीच्या कागदावर डॅफी डक या कार्टूनमधल्या बदकाच्या नावाने सही करतो आणि स्वतःचं वेगळं प्रशिक्षण घेतो. सगळ्यांच्या कपाळावर एकेका वंशाची चिठ्ठी! तिथे ऑफिसातल्या भारतीय वंशाच्या केली कपूरसमोर तो भारतीय दुकानदाराचा आवाज काढतो आणि ती त्याच्या कानाखाली ओढते. त्या एका क्षणी मालिका कुणाच्या बाजूने आहे हे स्वच्छ कळतं.

पुढे कितीदा असं झालं? टोबीचं बघा. मनुष्यबळ विभागातला बिचारा सरळ माणूस, मायकेल त्याला वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर घालून पाडून बोलतो, आणि मालिका आपल्याला मायकेलच्या बाजूने हसायला लावते. अवघडलेपणा तिथे उरतच नाही, ती चक्क खोडी काढणाऱ्याची मजा आहे. ऑफिसातल्या फिलिसच्या वयावरचे, मेरेडिथवरचे विनोदही तसेच.

पावसाळी चहा

सोमवार सकाळ यांना +१. म्हणूनच मी ब्रिटिश आवृत्तीचा.

तिथे दोन सीझनचे मिळून बारा भाग आणि २००३ च्या नाताळात दोन भागांचा विशेष. संपलं. तिथला मॅनेजर डेव्हिड ब्रेंट, त्याला माफी मिळते ती अगदी शेवटी आणि अगदी थोडी. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याची नोकरी जाते, तेव्हा हा सदा बढाया मारणारा माणूस वरिष्ठांसमोर अक्षरशः गयावया करतो की मला काढू नका. तिथे हसू येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. त्याच्या सगळ्या कोट्यांच्या खाली काय दडलं होतं ते एका मिनिटात उघडं पडतं.

इंग्लंडमधलं स्लाऊसारखं करडं गाव, ट्यूबलाइटचा उजेड, फोटोकॉपी मशीनची घरघर. सुंदर काही नाही. अमेरिकन लोकांनी दुसऱ्या सीझनपासून मायकेलला गोंडस केलं. केसांची ठेवण बदलली, कामात हुशार दाखवला, मधूनमधून डोळ्यांत पाणी आणलं. नऊ सीझन चालवायचे तर माणूस लाडका करावाच लागतो, हे धंद्याचं गणित आहे. कलेसाठी घेतलेला निर्णय म्हणून ते मला विकू नका.

निळी शाई

@पावसाळी चहा, दुसऱ्या सीझनमध्ये बदल झाला हे खरंच आहे. पहिल्या सीझनचा पहिला भाग तर ब्रिटिश संहितेवरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता आणि तो करेलच्या अंगावर बसलाच नाही. ब्रेंट करेलला जमत नव्हता, कारण ब्रेंटला स्वतःच्या मोठेपणाची खात्री आहे. मायकेलला ती कधीच नसते. अमेरिकन मालिका घडवणाऱ्या ग्रेग डॅनियल्सने आणि त्याच्या लेखकांनी हे ओळखलं आणि पात्र नटाकडे वळवलं. मी याला गणित म्हणणार नाही, ही कारागिरी आहे.

@सोमवार सकाळ, तुमच्या साहेबाबद्दल वाचून चीड आली. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो: कॅमेरा. तुमच्या मीटिंगमध्ये साक्षीदार नव्हता. इथे मायकेल काही बोलला की हाताखालचा जिम कॅमेऱ्याकडे बघतो, रिसेप्शनवरची पॅम नजर खाली घालते, विक्री विभागातला स्टॅन्ली शब्दकोड्यातून डोकंही वर काढत नाही. मायकेलला जे कुणी सांगत नाही ते आपल्याला सांगितलं जातं. दुबळ्या माणसाच्या हातात तेवढंच असतं, आणि मालिका ते टिपते.

आणि एकदा 'डिनर पार्टी' आठवा. चौथा सीझन, एप्रिल २००८, हॉलीवूडच्या लेखकांच्या संपानंतर आलेला पहिला भाग. मायकेल आणि त्याची मैत्रीण जॅन घरी जोडप्यांना जेवायला बोलावतात. जेवण व्हायला अजून तीन तास आहेत हे पाहुण्यांना आल्यावर कळतं. मायकेल भिंतीवरचा आपला प्लाझ्मा टीव्ही दाखवतो. दोनशे डॉलरचा, एखाद्या वहीएवढा वाटावा असा. जागा हवी असली तर तो भिंतीकडे सरकवता येतो म्हणत आणखी इंचभर आत ढकलतो. चेहऱ्यावर खराखुरा अभिमान. मग पाहुण्यांना बेडरूम दाखवताना कळतं की तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या अरुंद बाकड्यावर झोपतो, आणि अंग मुडपून कसा झोपतो ते तो झोपून दाखवतो. कुणीही विनोद सांगत नाही. मी पोट धरून हसतो आणि त्याच वेळी मला त्या माणसाला तिथून बाहेर काढावंसं वाटतं. ही दोन्ही एकदम व्हायला लावणारी दुसरी मालिका मला सापडलेली नाही.

एडिसनचा पाहुणा

न्यू जर्सीतून लिहितोय. तिसऱ्या सीझनमधला 'दिवाळी' हा भाग (नोव्हेंबर २००६) आमच्याकडे दर वर्षी निघतोच. लिहिला मिंडी कॅलिंगने, केली कपूर तीच. केलीच्या आईबापांच्या भूमिकेत तिचे खरे आईवडील आहेत.

मायकेल त्याची तेव्हाची मैत्रीण कॅरोल हिला सांगतो की वेशभूषेची पार्टी आहे, म्हणून ती चीअरलीडर होऊन येते आणि सगळ्या बायका साड्यांत. मग तो भर कार्यक्रमात माइक घेऊन तिला लग्नाची मागणी घालतो. तिचा नकारही सगळ्यांसमोर.

मला यात आवडतं ते हे की बावळट ठरतो तो मायकेल, दिवाळी नाही. इथल्या टीव्हीवर भारतीय सण आला की तोपर्यंत बहुधा सणच विनोदाचा विषय असायचा. इथे हॉलमध्ये मावश्या, काका, पोरं आपापली मजा करतायत, अगदी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात असतात तशी, आणि परका माणूस तिथे अवघडलाय. २००६ साली ते बघताना फार बरं वाटलं होतं.

फाइल नंबर नऊ

कुणी हिंदी 'द ऑफिस' पाहिली का? हॉटस्टारवर २०१९ ला आली होती. फरीदाबादची विल्किन्स चावला कंपनी, मुकुल चड्ढा साहेब जगदीप चड्ढा, गोपाल दत्त टी. पी. मिश्रा. नटमंडळी चांगली होती, तरी माझ्या मनात रुतली नाही, आणि कारण मला या चर्चेत सापडतंय.

मायकेलचा अवघडलेपणा चालतो कारण अमेरिकन ऑफिसात साहेब आणि स्टाफ एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. वरवर सगळे सारखे. मायकेल ती वरवरची बरोबरी खरी मानतो आणि तोंडावर आपटतो. आपल्याकडे साहेब केबिनमधून बाहेर आला की माणसं उठून उभी राहतात. 'सर' लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. इथला साहेब लाडका व्हायला धडपडत नाही, त्याला त्याची गरजच पडत नाही. घाट जसाच्या तसा उचलला की हा सांधा निखळतो.

आपल्याकडे ऑफिसवरचा विनोद टेबलाच्या दुसऱ्या बाजूने जास्त खुलतो. सब टीव्हीवरच्या 'ऑफिस ऑफिस'मध्ये पंकज कपूरचा मुसद्दीलाल एका साध्या कामासाठी या टेबलावरून त्या टेबलावर जायचा. तिथे पिळला जाणारा माणूस बाहेरून आलेला असायचा.

सोमवार सकाळ

@फाइल नंबर नऊ, हल्लीच्या आयटी कंपन्यांत मात्र सगळे पहिल्याच नावाने बोलतात हो. माझा तो साहेबसुद्धा 'मला सर म्हणू नका' म्हणायचा. त्याने काहीच बदललं नाही, उलट नकार देणं जास्त कठीण झालं.

@निळी शाई, 'डिनर पार्टी' मलाही अतिशय आवडतो, आणि का ते मी सांगते. त्या घरात मायकेल साहेब नाही. अडकलाय तोच. जिम आणि पॅमला निदान पळायचा प्रयत्न करता येतो, त्याला तेही नाही. सत्ता नसलेल्या माणसाचं अवघडलेपण मी कितीही वेळ बघेन. पॅमच्या चित्रप्रदर्शनाचंही तसंच. ऑफिसातून जवळजवळ कुणी फिरकत नाही, मायकेल उशिरा धावत येतो, तिने काढलेलं ऑफिसच्या इमारतीचं चित्र विकत घेतो आणि तिथे त्याचं एकही वाक्य चुकत नाही. तो प्रसंग मला रडवतो.

पण म्हणून सोमवारी सकाळी तो माणूस कॉन्फरन्स रूममध्ये जे करतो ते धुऊन निघत नाही. कॅमेऱ्याकडे बघणं हा प्रेक्षकाला दिलासा आहे. फिलिसला त्याचा काय उपयोग?

खडूफळा

शिक्षक आहे, म्हणून 'स्कॉट्स टॉट्स'कडे परत येतो.

भागाच्या शेवटी गाडीत एरिन, ऑफिसची रिसेप्शनिस्ट, मायकेलला सांगते की मुख्याध्यापकांच्या म्हणण्यानुसार त्याच्या वर्गातली ९० टक्के मुलं शाळा पूर्ण करतायत, बाकी शाळेपेक्षा कितीतरी जास्त. तू शब्द दिला नसतास तर कितीतरी पोरं मध्येच गळाली असती. हे ऐकून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. मला तो निःश्वास मान्य नाही.

मी ज्या शाळेत शिकवतो तिथे आईवडिलांना फी म्हणजे काय ते नीट माहीत असतं. मूल तिसरीत असल्यापासून ते आकडे मांडत असतात. कुणी म्हणालं की पुढचं मी बघतो, तर ते घर दुसरी तजवीज करत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरत नाही, कर्जाची चौकशी करत नाही, थोडं थोडं बाजूला टाकत नाही. मायकेलने पैसे दिले नाहीत यापेक्षा त्याने दहा वर्षं गप्प राहून त्या घरांची तयारीची वेळ खाल्ली, हे मला जास्त लागतं. मालिकेत याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

निळी शाई

@खडूफळा, हा मुद्दा मी असा कधी ऐकला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरी एक सांगू? तो स्वतः जातो. फोन करून, पत्र पाठवून सुटू शकला असता. वर्गात उभा राहतो, पोरांच्या शिव्या खातो, आणि बाहेर पडल्यावर एक मुलगा मागे येतो तेव्हा त्याच्या पुस्तकांचा खर्च कबूल करतो. ज्याला कुणी नावडतं म्हटलेलं सोसत नाही, त्याच्यासाठी हे लहान नाही. लेखकांनी त्याला सोडलं असं मला वाटत नाही, त्यांनी त्याला त्या खोलीत पूर्ण वेळ उभं केलं.

खडूफळा

उभं केलं, मान्य. पण खोलीत उभी असलेली दुसरी बाजूही बघा. त्या पंधरावीस मुलांपैकी एकदोघांनाच धड बोलायला मिळतं, बाकीची नाचतात आणि मग संतापतात. त्यांचं पुढे काय झालं? सहाव्या सीझननंतर तीन अख्खे सीझन होते. मायकेलची प्रेमं, त्याचं नोकरी सोडणं, त्याचा निरोप, सगळ्याला जागा मिळाली. त्या वर्गातला एक मुलगा दोन मिनिटांसाठी परत आला असता, कॉलेजात पोचलेला किंवा न पोचलेला, कसाही, तर मी तो भाग माझ्या नववीच्या वर्गाला दाखवला असता.