प्राप्तिकराचा परतावा आला, तर नवरा-बायकोने तो कसा वापरावा?

प्रश्न : निळी शाई

नमस्कार. आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आपापली विवरणपत्रे स्वतंत्रपणे भरतो. यंदा दोघांनाही प्राप्तिकराचा परतावा मिळणार आहे. माझ्या पतींचा परतावा माझ्या परताव्याच्या साधारण तिप्पट आहे, कारण घरकर्जावरील व्याजाची वजावट त्यांच्या नावावर आहे आणि तिची कागदपत्रे त्यांनी कचेरीत वेळेवर दिली नव्हती. त्यामुळे वर्षभर त्यांच्या पगारातून जास्त कर कापला गेला.

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर मी हिशेबाची वही काढली. त्यात मी तीन नोंदी करून ठेवल्या होत्या: अडीअडचणीसाठी राखीव रक्कम, नवे वॉशिंग मशीन (सध्याच्या मशीनचा ड्रम इतका आदळतो, की एका पायाखाली जाड पुठ्ठा सारावा लागतो) आणि माझ्या अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे शुल्क. ह्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली, तिन्ही नोंदींवर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिले, "सगळे कर्जात." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे, कर्जाचे ओझे त्यांना खरोखरच झोपू देत नाही. तरीही ती रेघ माझ्या परताव्यावरूनही गेली, हे मला लागले.

म्हणून दोन गोष्टी विचारते. घरकर्जाची मुदतपूर्व परतफेड करावी, की आधी राखीव रक्कम उभी करावी? आणि वेगवेगळ्या नावांनी आलेले हे पैसे मुळात कोणाचे धरायचे?

उत्तर : जमाखर्च

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येते, म्हणून ते आधी देतो.

परतावा म्हणजे सरकारने दिलेले बक्षीस नव्हे. तो तुमचाच पगार आहे. कापताना जास्त कापला गेला आणि उशिरा परत आला, इतकेच. पगारातून दरमहा कर कापण्याची पद्धत अमेरिकेत १९४३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये, महायुद्धाच्या काळात व्यापक प्रमाणावर सुरू झाली आणि पुढे ती बहुतेक देशांत रुळली. वर्ष संपण्याआधीच अंदाजाने कर कापायचा म्हटले, की अंदाज कधी ना कधी चुकणारच. तरीही एकरकमी हाती आलेले पैसे आपण पगाराहून वेगळे धरतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात या सवयीची मांडणी केली: माणूस मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतो आणि एकाच किमतीचा पैसा कोणत्या कप्प्यातून आला, त्यावरून तो सढळ हाताने खर्च करायचा की जपून, हे ठरवतो. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुम्ही दोघे निदान पैसे येण्याआधी वही घेऊन बसलात, ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

आता क्रम. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर बाकीचा सगळा विचार बाजूला ठेवून ती आधी फेडावी. महिना ३ टक्के हा दर दिसायला लहान असतो, पण व्याजावर व्याज चढत गेले की वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या वर जातो. इतके व्याज देणारी सुरक्षित गुंतवणूक कुठेही नाही. घरकर्जाची गोष्ट निराळी. समजा, कर्ज ९ टक्क्यांचे आहे आणि ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते. ठेवीच्या व्याजावर ३० टक्के कर लागत असेल, तर हातात ४.९ टक्केच उरतात. नुसत्या आकड्यांवर तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर ठरते. मात्र कर्जावरील व्याजाची वजावट मिळत असेल, तर ते ९ टक्केही प्रत्यक्षात तितके पडत नाहीत. ही वजाबाकी करूनच तुलना करावी.

आणि आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे मी तुमच्या बाजूने झुकतो. कर्जात भरलेली रक्कम परत मागता येत नाही. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर मुद्दल किती उतरले याला महत्त्व राहत नाही. पुढचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो. राखीव रक्कम अजिबात नसताना कर्ज फेडणारे जोडपे अशा वेळी जास्त दराने नवे कर्ज काढते आणि आधी वाचवलेले व्याज तिथे घालवते. तेव्हा निदान तीन महिन्यांचा घरखर्च आणि तितकेच हप्ते आधी बाजूला पडावेत. त्यानंतर जे उरेल ते खुशाल कर्जात भरावे. भरण्यापूर्वी मुदतपूर्व परतफेडीवर आकार आहे का, ते विचारावे आणि हप्ता आहे तितकाच ठेवून मुदत कमी करून घ्यावी. हप्ता कमी करून घेतला, तर व्याजातली बचत बरीच घटते.

पुढच्या वर्षासाठी मात्र यजमानांना कागदपत्रे वेळेवर द्यायला सांगा. परताव्याचे बारा भाग केले, तर त्यातला एकेक भाग दरमहा घरात येऊ शकला असता. काही जण सक्तीची बचत म्हणून मुद्दाम जास्त कर कापू देतात. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही, त्यांच्यासाठी मी त्याला वाईट म्हणणार नाही, पण डोक्यावर कर्ज असलेल्या घराला ते परवडत नाही.

उत्तर : पारवा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते भांडण तिथेच आहे.

पैसे कोणाचे, याचे उत्तर कायदाही सगळीकडे एकसारखे देत नाही. अमेरिकेत १९४८ पासून पती-पत्नीला एकत्र विवरणपत्र भरून उत्पन्न दोघांत विभागल्याप्रमाणे कर भरता येतो. जर्मनीतही १९५८ पासून तशीच सोय आहे. याउलट स्वीडनने १९७१ मध्ये आणि ब्रिटनने १९९० मध्ये दोघांना स्वतंत्र करदाते मानले. भारतात तर एकत्र विवरणपत्राची सोयच नाही, आणि नवऱ्याने बायकोला दिलेली रक्कम तिने गुंतवली, तर त्यावरचे उत्पन्न सर्वसाधारणपणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांचा प्रश्न आणखी नाजूक असतो: एकाच्या जुन्या देण्यापोटी दोघांचा परतावा अडकला, तर दुसऱ्याला आपला वाटा मागता यावा म्हणून अमेरिकेत वेगळा अर्ज ठेवावा लागला आहे. म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्या दोघांचेही पैसे कधीकधी वेगळे मोजावे लागतात, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

पैसे कोणाच्या हातात पडतात, याने खर्चही बदलतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची करसवलत बंद झाली. ती बहुतेक घरांत वडिलांच्या पगारात दिसत असे. तिच्या जागी आईच्या हाती रोख भत्ता येऊ लागला. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की या बदलानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घर तेच होते. पैसा फक्त दुसऱ्या हातातून आला.

ताई, तुमचा परतावा लहान आहे म्हणून त्यावरचा तुमचा शब्द लहान होत नाही. त्यांचा मोठा परतावाही घरकर्जाच्या वजावटीतून आला आहे, आणि त्या घराचा बाकीचा खर्च तुमच्या पगारातून चालत असणारच. आमच्या घरी मी आणि माझे पती दोन वेगळ्या कागदांवर आपापली यादी लिहितो, एकमेकांना न दाखवता, आणि मगच दोन्ही कागद शेजारी ठेवतो. पहिल्या वर्षी माझ्या यादीत सर्वांत वर कर्ज होते आणि त्यांच्या यादीत माझ्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन. इतकी वर्षे एकत्र राहूनही मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्याच्या नोंदीवर रेघ मारायची नाही, एवढा एकच नियम आम्ही केला आहे; नोंद मान्य नसेल, तर तिच्यापुढे आपली रक्कम लिहायची.

तुमच्या अभ्यासक्रमाचे शुल्क मात्र यादीतून जाऊ देऊ नका. त्याने पुढे पगार वाढणार असेल, तर ते खर्चात धरणेच चूक आहे.

उत्तर : दीपस्तंभ

थोडेच लिहितो. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ते खर्चू नका. आम्ही विवरणपत्रातला आकडा पाहून सुट्टीतल्या प्रवासाचे आरक्षण करून बसलो होतो. प्रत्यक्षात माझ्या नावावरच्या एका जुन्या थकीत कराच्या मागणीत परताव्यातला निम्म्याहून अधिक भाग वळता झाला. ती सूचना आधी येऊन गेली होती, पण ती मी उघडलीच नव्हती. आरक्षण रद्द करताना जे पैसे बुडाले ते बुडालेच. त्याहून पत्नीला ते सांगणे मला जड गेले. दोघांनीही एकमेकांच्या नावावरची जुनी येणी-देणी एकदा समोरासमोर पाहून घ्यावीत. परताव्याबरोबर व्याज आले, तर ते व्याज अनेक ठिकाणी करपात्र असते, हेही लक्षात ठेवावे.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. काल पारवाताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दोन कागद घेतले. ह्यांच्या कागदावर कर्ज पहिले होतेच, पण दुसऱ्या ओळीत माझ्या अभ्यासक्रमाचे नाव होते, पूर्ण आणि बिनचूक. ते मी पुन्हा पुन्हा वाचले. शेवटी असे ठरले, की माझ्या परताव्यातून शुल्क भरायचे, ह्यांच्या परताव्यातून आधी तीन महिन्यांची राखीव रक्कम वेगळी काढायची आणि उरलेले कर्जात भरायचे, मुदत कमी करून. वॉशिंग मशीनचा पाय दुरुस्त करून घेऊ. नवे यंदा नको, हे मलाही पटले.

एकच शंका राहिली. राखीव रक्कम ह्यांच्या एकट्याच्या खात्यात ठेवावी, की दोघांच्या?

जमाखर्च

दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवा आणि व्यवहार दोघांपैकी कोणाच्याही एका सहीने होतील, अशी सूचना खाते उघडतानाच लेखी द्या. ज्याला अडचण यायची, तोच त्या दिवशी सही करण्याच्या स्थितीत नसू शकतो. व्याजावरचा कर मात्र ज्याची रक्कम, त्याच्याच विवरणपत्रात दाखवावा लागेल. म्हणून कोणाच्या परताव्यातून किती रक्कम गेली, ते तारखेसह त्याच वहीत लिहून ठेवा.