आजोळ ग्रुप: स्पायडरमॅन ३ वर मामा एकटा पडतो

मामा: काल रात्री स्पायडरमॅन ३ परत बघितला. २००७ पासून लोक त्याला उगाच शिव्या घालतायत. वाळूचा माणूस उभा राहतो ना, काटा आला अंगावर. बोला आता.

चिनू: मामाआजोबा, तो सिनेमा नाही, मीमचा कारखाना आहे 😂

मामा: आजोबा म्हणू नकोस. आणि मीम सोड, मुद्द्याचं बोल.

मी: मुद्द्याचं मी बोलते. त्या प्रसंगाबद्दल माझं तुझ्याशी भांडणच नाही. एक शब्द नाही त्यात. वाळूचे कण गोळा होतात, माणसासारखं काहीतरी उभं राहायला बघतं आणि कोसळतं. मुलीच्या फोटोचं लॉकेट उचलायला हात पुढे करतो, तर हातच गळून पडतो. मग सगळा जीव एकवटून पुन्हा. हा कोण, याला काय हवंय, सगळं समजलं. पण मला सांग, त्या आजारी मुलीचं पुढे काय झालं?

मामी: मीही रात्री हेच विचारलं. हा शेवटी वाऱ्यावर उडून गेला, मुलीच्या औषधपाण्याचं काय? तर हे म्हणाले, झोप आता.

ताई: वेळच कुठे होता? १३९ मिनिटांत वाळूचा माणूस सँडमॅन, पीटरचा म्हणजे स्पायडरमॅनचा मित्र हॅरी, व्हेनम, पीटरची प्रेयसी मेरी जेन, वर ग्वेन आणि आकाशातून पडलेला, अंगाला चिकटून माणूस बिघडवणारा काळा चिखल.

मामा: जास्त खलनायक म्हणजे वाईट सिनेमा, असा काही नियम आहे का?

मी: नाही, आणि माझं तसं म्हणणंही नाही. कागदावर तिघांचीही गोष्ट एकच आहे, सूड घ्यायचा की माफ करायचं. हॅरीला पीटरवर बापाचा सूड उगवायचाय, मार्कोला म्हणजे सँडमॅनला माफी हवी, आणि पुढे व्हेनम होणारा ब्रॉक चर्चमध्ये जाऊन देवाकडे पीटरचा मृत्यू मागतो! (हा प्रसंग मला फार आवडतो, वर घंटा आणि खाली ही प्रार्थना.) घोळ असा की यातलं बरंचसं पीटरमुळे नाही, योगायोगाने घडतं. काळा चिखल घेऊन उल्का पडते ती नेमकी तो आणि मेरी जेन बसलेत तिथेच. मार्को पळता पळता नेमका प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो. हॅरीच्या डोक्याला मार लागतो आणि नेमकी सोयीची तेवढीच आठवण जाते. दुसऱ्या भागात पीटरचं जाळं आटतं कारण त्याचं मनच लागत नाही. त्यातला खलनायक, शास्त्रज्ञ ऑटो ऑक्टेव्हियस ऊर्फ डॉक ऑक, त्याला सगळे सांगतात की प्रयोग थांबव, तो ऐकत नाही, बायको जाते. तिथे प्रत्येक संकट कोणाच्या तरी स्वभावातून येतं.

चिनू: मावशीने निबंध लिहिला

ताई: तू वाच आधी.

मामा: दुसरा भाग चांगलाच आहे, कोण नाही म्हणतंय. त्या आगगाडीच्या प्रसंगाला तोड नाही. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं त्याला. पण कमाई बघ. तिसरा ८९ कोटी डॉलर, दुसरा ७९ च्या आसपास.

मी: ती कमाई दुसऱ्याच्या पुण्याईवर रे. लोक तिकीट काढतात ते मागचा भाग आवडला म्हणून.

ताई: आणि व्हेनम दिग्दर्शक सॅम रेमीला मुळात नकोच होता. निर्माता आवी अराडचा आग्रह होता, हे रेमीने नंतर स्वतः सांगितलंय. पडद्यावर कळतंही. सँडमॅन प्रेमाने घडवलाय, व्हेनम शेवटी येतो आणि दात दाखवून जातो.

चिनू: म्हणूनच २०२१ च्या नो वे होम सिनेमात डॉक ऑक आणि सँडमॅन दोघांना परत बोलावलं, या व्हेनमला कोणी विचारलंही नाही

मी: चिनू, हे मात्र बरोबर बोललास.

मी: पण माझा खरा राग वेगळाच आहे. पीटरच्या बेनकाकाचा खून. पहिल्या भागात पीटर चोराला जाऊ देतो आणि काका जातात. दुसऱ्यात तो मे काकूसमोर बसून हे कबूल करतो आणि ती हात काढून घेऊन उठून जाते. अख्खी मालिका या एका ओझ्यावर उभी आहे. आणि तिसऱ्यात पोलीस येऊन सांगतात, अहो, गोळी दुसऱ्यानेच मारली होती. उतरलं की ओझं!

ताई: थांब, इथे मी मामाच्या बाजूने. मार्को शेवटी काय सांगतो ते आठव. तो काकांना गाडी मागत असतो, काका त्याला समजावतात, तेवढ्यात साथीदार पैसे घेऊन धावत येतो, हाताला धक्का बसतो आणि गोळी सुटते. तो साथीदार म्हणजे पीटरने सोडलेलाच चोर. ओझं तिथेच आहे, उलट दोघांत वाटलं गेलंय.

मी: …हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

मामा: जिंकलो!

मी: अर्धा. कारण हे पीटरच्या लक्षात येतंय असं सिनेमा कुठेच दाखवत नाही. मीही वाईट गोष्टी केल्यात, एवढंच मोघम म्हणतो आणि माफ करतो. मीसुद्धा त्या चोराला सोडलं होतं, एवढं एक वाक्य असतं तर मी गप्प बसले असते.

मामी: आणि मेरी जेन परत लटकलेली. पहिल्यात पुलावर, दुसऱ्यात साखळदंडात, आता टॅक्सीत. तिला दुसरं काही कामच नाही का?

चिनू: आणि तो रस्त्यावरचा नाच??

मी: नाच मला आता आवडायला लागलाय. पीटरसारख्या पुस्तकी पोराला रुबाबदार होणं म्हणजे काय वाटत असेल? कपाळावर केस आणि बोटांच्या पिस्तुल्या. हास्यास्पदच असणार ते. आणि तोच पुढे क्लबमध्ये ग्वेनला घेऊन मेरी जेनला डिवचायला जातो, झटापटीत तिच्यावर हात पडतो आणि आपलं हसू तिथेच आटतं. मीम बनवणारे हा पुढचा भाग कापतात.

मामा: बघ, आता तूच बाजू घेतेयस.

आजी: मला एक सांगा रे. हॅरीच्या घरचा तो म्हातारा नोकर. मालकाची, म्हणजे हॅरीच्या बापाची, जखम त्याने स्वतः धुतली, पातं मालकाच्याच यंत्राचं हे त्याला ठाऊक. मग पोरगं इतकी वर्षं सूड सूड करत घरभर फिरतंय तेव्हा तो तोंड मिटून का बसला?

चिनू: आजीने सिनेमा संपवला 🙏

ताई: मामा?

मामी: ऑनलाइन दिसतायत.

मामा: नोकराचं माझ्याकडे उत्तर नाही.