लॅबमध्ये चूल पास, गावात नापास. आता थीसिसमध्ये काय लिहू?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात मेकॅनिकलला एमटेक करतोय, थीसिसचा विषय सुधारित चूल. विषय घरातूनच आलाय. आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने जळण ओलं असतं, आजी फुंकणी घेऊन बसली की स्वयंपाकघरात समोरचं माणूस दिसत नाही आणि आता तिला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. गॅस आहे घरात, पण त्यावर चहा आणि पाहुणे आले की तेवढं, भाकरी, भात, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवरच.

तर चूल बनवली. पत्र्याची, आतून माती-भुश्याचं अस्तर, खाली जाळी, मागं वैल आणि धुरांडं. लॅबमध्ये पाणी उकळायची टेस्ट घेतली तर एफिशियन्सी (जळणातली किती उष्णता भांड्याला मिळते ते) ३१ टक्के आली, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) मानक पंखा नसलेल्या चुलीला २५ मागतं, म्हणजे आम्ही बऱ्यापैकी वर. सगळे खूश. मार्चमध्ये गावातल्या बारा घरांत बसवल्या आणि गणपतीला जाऊन बघतोय तर चार घरांत पेटत होती, दोन घरांत फक्त पाणी तापवायला, बाकीच्यांनी काढून पडवीत ठेवलेली. एक काकू म्हणाल्या, "भाकरी फुगत न्हाई बाबा ह्यात. तोंड बारीक हाय, आर बाहेर वडता येत न्हाई." (आर म्हणजे निखारे.) ते ऐकून रात्रभर झोप नाही लागली मला.

गाइड म्हणतायत लॅबचे आकडे पेपरमध्ये घाल, गावातलं 'पुढील काम' म्हणून एका ओळीत लिही. मला ते पटत नाहीये. सहा महिने आहेत हातात. गावातला डेटा खरंच टाकाऊ आहे का? आणि आजीसारख्यांच्या फुप्फुसांवर काय फरक पडतो तेही मोजावं असं वाटतंय, ते कसं करू?

सप्तापूर_धारवाड

टाकाऊ? अरे तोच तुझा खरा डेटा आहे. मी अर्थशास्त्रातला आहे, इंजिनिअरिंग मला कळत नाही, पण तुझ्या गावात जे झालं त्यावर आमच्याकडं एक गाजलेला अभ्यास आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात ग्राम विकास या संस्थेच्या चुलींवर केलेला, ४४ गावं, साधारण २६०० कुटुंबं, आणि चूल आधी कुणाला मिळणार ते गावात चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चार वर्षांपर्यंत मागं लागून मोजलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो फरकच गेला. फुप्फुसांत फरक नाही, जळण वाचलं नाही. लॅबमध्ये चूल चांगली होती बरं का. पण घरात ती रोज वापरली गेली नाही, धुरांडं साफ झालं नाही, फुटलं ते दुरुस्त झालं नाही आणि जुनी चूल बाजूला चालूच राहिली. म्हणजे तुझी ती पडवीत ठेवलेली चूल एकट्या तुझ्या गावातली नाही.

डुफ्लोंना २०१९ चं नोबेल मिळालं (बॅनर्जी आणि क्रेमर यांच्यासोबत) ते अशाच, गावात जाऊन प्रयोग करण्याच्या पद्धतीसाठी. आणि त्याच्याही आधी आपल्या सरकारनं १९८३ पासून २००२ पर्यंत राष्ट्रीय कार्यक्रम चालवून साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या, किती वाटल्या ते मोजलं, किती पेटतात ते बघायला फार थोडे गेले.

माझं ऐकशील तर पुढच्या चुली सरसकट देऊ नको. चोवीस घरं तयार असतील तर चिठ्ठ्या टाक, निम्म्यांना आत्ता, निम्म्यांना सहा महिन्यांनी. कुणावर अन्याय होत नाही, सगळ्यांनाच मिळते आणि तुला तुलना करायला घरं मिळतात, नाहीतर ज्या घरात आधीच हौस आहे तिथंच चूल जाते आणि गुण तू चुलीला देतोस. थोडे तरी पैसे घे त्यांच्याकडून. किती द्यायला तयार आहेत हासुद्धा डेटाच आहे.

तीस्ता_ओले

आमच्या जमान्यात या चुलींवर बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) मोठं काम झालेलं. अमूल्य रेड्डींनी १९७४ ला अस्त्र नावाचं केंद्र काढलं, खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं, तिथून 'अस्त्र ओले' आली, तीन भांड्यांची चूल (ओले म्हणजे कन्नडात चूल, आपल्या इकडं सांगायला नको). लॅबमध्ये ४० च्या वर जायची. मी धारवाडकडं काही घरांत बघितलीय, बायकांना आवडायची ती धुरांड्यामुळं, स्वयंपाकघर काळं होत नाही म्हणून, एफिशियन्सीचं कुणी बोलत नव्हतं.

तुझ्या टेस्टबद्दल विचारतो. लाकूड कसलं वापरलंस? लॅबमध्ये बोटाएवढ्या कापलेल्या सुक्या काटक्या असणार. खानापुरात जुलैत जे जळण येतं त्यातलं पाणी आधी उडायला लागतं, बरीच उष्णता त्यात जाते, आग कमी आणि धूर जास्त, आणि तुझं तोंड बारीक म्हणजे जाडं लाकूड आत जातच नाही, चिरायला लागतं. चिरणार कोण? कोयता घेऊन आजीच बसणार. हे लॅबच्या कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही. म्हणून घरात जाऊन घ्यायची टेस्ट वेगळी असते, घरचं जळण रोज सकाळी ताणकाट्यावर वजन करून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं परत मोजायचं, जेवणारी माणसं किती ते लिहायचं, असं निदान तीन-चार दिवस, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात. ओलाव्याचं मीटर महाग नाही, घेच.

आणि वापर तोंडी विचारू नको. तू बनवलीस म्हणून सगळे "वापरतोय की" म्हणणार, माया असते माणसाला. बटणाएवढे तापमान नोंदवणारे सेन्सर मिळतात, चुलीच्या अंगाला चिकटवले की दर दहा मिनिटांनी नोंद होते, महिनाभरानं कॉम्प्युटरला लावून बघायचं. नव्या चुलीला एक आणि जुन्या चुलीला एक. जुनीला लावायचं बरेच जण विसरतात, आणि धूर तर तिथूनच येत असतो.

सिस्टर_ताई

मी नर्स आहे, बेळगाव जिल्ह्यातल्याच एका खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात. दादा, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, चुलीबद्दल नाही, मोजण्याबद्दल.

बाळंतपणानंतर अंगावरून किती जातंय हे आम्ही वर्षानुवर्षं अंदाजानं सांगायचो. एक पातळ भिजलं, दीड भिजलं, "जास्त जाऊलंय" असं. माझी मावशी एएनएम (गावपातळीवरची नर्स) होती, घरी बाळंतपणं करायची, कंदिलाच्या उजेडात तांबड्या लुगड्यावर रक्त किती ते कसं कळणार सांगा. आपल्या बेळगावातच जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी, अमेरिकेतल्या लोकांसोबत, त्यासाठी एक साधी प्लास्टिकची पिशवी तयार केली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, खाली निमुळती, पारदर्शक, आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. रक्त खाली उतरतं, तुम्ही फक्त रेघ वाचायची. मग डोळ्यांचा अंदाज आणि पिशवी यांची तुलना केली तर डोळ्यांनी साधारण एकतृतीयांश कमीच धरलेलं निघालं. आम्हाला शिकवायला आले तेव्हा बादलीत रंगीत पाणी करून कापडावर ओतून दाखवलं होतं, खोलीतल्या आम्ही सगळ्या चुकलो, वीस वर्षं नोकरी झालेल्यासुद्धा.

त्याच पिशवीवर २००२ ते २००५ मध्ये इथल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा प्रयोग झाला. १६२० बायका, गोळी एएनएमनीच द्यायची, घरी नाहीतर सबसेंटरला. ज्यांना खोटी (औषध नसलेली) गोळी मिळाली त्यांच्यात १०० पैकी १२ जणींना जास्त रक्तस्राव, खऱ्या गोळीवाल्यांत ६.४. म्हणजे अठरा जणींना दिली की एक वाचते त्यातून. २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं, नंतर २०११ ला डब्ल्यूएचओनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आणि मापाच्या तसल्याच पिशवीचं पुढं आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० दवाखान्यांत काम झालं, २०२३ ला निकाल आला, जास्त रक्तस्राव वेळेत ओळखण्याचं प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेलं आणि पिशवीसोबत लगेच सगळे उपचार एकदम दिल्यानं गंभीर प्रसंग ६० टक्क्यांनी कमी झाले.

हे सगळं का चाललं असं मला विचाराल तर ती गोळी फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही, सुई लागत नाही, आणि पिशवी वाचायला शाळा लागत नाही. जिच्या हातात द्यायची तिचे हात आधी बघितले होते त्यांनी. तुमच्या चुलीला काकूंचे हात कुणी बघितलेत का? भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची असते, तेव्हा ती फुगते. हे लॅबमध्ये पाण्याचं भांडं ठेवून कसं दिसणार.

फुप्फुसाचं मात्र सांगते, चोवीस घरांत मोजून काही हाती लागणार नाही. ग्वाटेमालात ५०० च्या वर घरांपैकी निम्म्यांना धुरांड्याची चूल देऊन बघितली, किर्क स्मिथ यांनी, मुलांच्या अंगात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्मा झाला तरी न्यूमोनिया २२ टक्केच कमी दिसला आणि तेवढा फरक योगायोगानंही दिसू शकतो असं निघालं. चार देशांत ३२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस दिला, त्यात आपला तमिळनाडू होता, धूर पुष्कळ कमी झाला पण बाळाच्या वजनात म्हणावा तसा फरक आला नाही. एवढ्या मोठ्यांना जड गेलंय. तुम्ही धूर मोजा, खोकला-डोळ्यांची चुरचुर विचारा, आजीला आमच्यासारख्या कुठल्यातरी केंद्रात आणून दाखवा. तिला अभ्यासात बसवण्याआधी तपासून घ्या.

मलप्रभाकाठ

ताई, दोनदा वाचलं तुमचं. आजीला या शनिवारी नेतोय. जाडं लाकूड चिरण्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ओले सर, घरात रोज बघूनसुद्धा. धूर मोजायचं यंत्र कॉलेजात आहे, पीएम २.५ चं (धुरातले अगदी बारीक कण मोजणारं), ते कुठं टांगू?

तीस्ता_ओले

पद्धत अशी की चुलीपासून एक मीटर लांब, जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटर उंच, दारं-खिडक्यांपासून दीड मीटर. ही उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाची उंची. आपल्याकडं बायका बसून करतात. म्हणून तिथं एक लाव आणि बसल्यावर आजीचं नाक जिथं येतं तिथं दुसरं. दोन्ही आकडे छाप, तुलना करायला लोकांना पहिला लागेल, आणि आजीचा खरा आकडा दुसरा.

सप्तापूर_धारवाड

एथिक्स कमिटीचं विसरू नको, माणसांवरचा अभ्यास आहे, आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ चे नियम आहेत, त्यात संमतीपत्र त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत पाहिजे. कॉलेजचा छापील फॉर्म कन्नड-इंग्रजी असणार, तुझ्या गावात निम्म्या घरांत फक्त मराठी वाचतात, काही आज्या तेही नाही. मराठीत वेगळा करून घे आणि वाचून दाखव, घाई करू नको.

चिकोडीचा_गुऱ्हाळवाला

मी शिकलेला नाही फार, पण चुलवाण आमचा रोजचा धंदा. गुळाच्या काहिलीखाली उसाचं चिपाड घालणारा गडी असतो ना, तो दिवसभर त्या तोंडाशी उभा. एकदा एक इंजिनिअर येऊन तोंड बारीक करून गेला, जळण वाचेल म्हणून, आणि खरंच वाचलं. पण गड्याला हात लांब करून चिपाड ढकलायला लागायचं, त्याचा हात दोनदा भाजला. मी तोंड परत मोठं केलं आणि वर एक झाकण बसवलं, पायानं उघडायचं. जळण थोडं जास्त जातं, जाऊ दे. तुझ्या चुलीला पण तोंड मोठं ठेव आणि पुढं लोखंडी झाकण दे सरकवायचं, भाकरीच्या वेळी उघडं, पाणी तापवताना बंद. निपाणीच्या बाजूला आलास तर सांग, बनवून देतो एक, पत्रा माझ्याकडं पडून आहे.

मलप्रभाकाठ

काका, येतो. काकूंनाही सोबत आणू का? त्याच सांगतील तोंड किती पाहिजे ते.

चिकोडीचा_गुऱ्हाळवाला

आण की. पीठ घेऊन या म्हणावं, इथंच भाजून बघू.