मंडईत काढलेले फोटो धूसर येतात: कॅमेरा बदलावा की आधी शिकावे?

पर्वतीपायथा:
नमस्कार. दीड वर्षापूर्वी मी सेकंडहँड, एपीएस-सी म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा डीएसएलआर आणि त्याच्यासोबतची १८-५५ मिमीची किट लेन्स घेतली. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा पर्वतीच्या पायऱ्या उन्हात छान येतात. परंतु महात्मा फुले मंडईच्या आत गेल्यावर सगळे बिघडते. गेल्या रविवारी सकाळी एका भाजीवाल्या मावशींनी आनंदाने फोटो काढू दिला. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. फोटोत त्यांचा चेहरा स्पष्ट आहे, तराजूवरचे आकडेही वाचता येतात, पण हात मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखे दिसतात. फोटोच्या माहितीत ५५ मिमी (झूम), एफ/५.६ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे), १/१५ सेकंद (शटर) आणि आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) अशी नोंद आहे. मी ७०,००० रुपये साठवले आहेत. त्यातून वापरलेली फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्यावी, चांगली लेन्स घ्यावी, की एखाद्या वर्गाला जावे?

जुना_ट्रायपॉड:
आपण आकडे दिलेत, हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. फोकस चुकला असता तर चेहरा मऊ आला असता आणि कॅमेरा हलला असता तर तराजूवरचे आकडेही फाटले असते. तसे झालेले नाही, म्हणजे लेन्समधील स्थिरीकरणाने आणि आपल्या हातांनी आपापले काम नीट केले आहे. फक्त १/१५ सेकंदाच्या अवधीत मावशींचे हात पुढे सरकले, आणि समोरच्या माणसाची हालचाल कोणतेही स्थिरीकरण थांबवू शकत नाही. अशा कामासाठी निदान १/१२५ सेकंद हवा. १/१५ वरून १/३०, १/६०, १/१२५ हे तीन स्टॉप झाले; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे. आणि आयएसओ ४०० वरून ८००, १६००, ३२०० हेही नेमके तीनच स्टॉप आहेत. म्हणजे एक रुपयाही न खर्चता तोच फोटो त्याच उजेडात मिळाला असता. फोटोत दाणे (नॉइज) वाढतील हे खरे, पण रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढल्यास ते संगणकावर बरेच कमी करता येतात. हाताची पुसलेली रेषा मात्र परत आणता येत नाही.

फुल-फ्रेम सेन्सरकडून आपल्याला याबाबतीत साधारण एका स्टॉपचा, फार तर थोड्या अधिकाचा फायदा होईल. आपली गरज तीन स्टॉपची आहे. तेवढ्यासाठी सगळी शिल्लक घालवणे मला पटत नाही.

नदीकाठची:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र लेन्सचा विचार सोडू नका. ५५ मिमीला किट लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, तर एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स त्याच्या तीन स्टॉपहून अधिक प्रकाश आत घेते. बहुतेक जण ५० मिमी घेतात, कारण ती स्वस्त असते. पण आपल्या सेन्सरवर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते आणि मंडईच्या अरुंद वाटेत मागे सरकायला जागा नसते. आधी महिनाभर झूम ३५ वर ठेवून, रिंगला कागदी चिकटपट्टी लावून फिरा. तेवढ्यात काम भागले तर ३५ मिमीची लेन्स घ्या.

एक सावधगिरीही सांगते. दीड मीटरवरून ५० मिमी लेन्सने एफ/१.८ वर काढलेल्या फोटोत जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर जुडी बांधणारे हात धूसर होतील, आणि आपल्याला पुन्हा वाटेल की कॅमेराच वाईट आहे.

जुना_ट्रायपॉड:
वर्गाविषयी लिहायचे राहिले. शिकवणाऱ्याने काढलेले फोटो आधी पाहा आणि आपल्या फोटोंवर समोरासमोर चर्चा होणार आहे का, ते विचारा. नसेल तर पैसे वाचवा. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात छायाचित्रांचे प्रदर्शन लागले की जाऊन छापील फोटो जवळून बघा, कारण किती दाणे खरोखर खुपतात, हे पडद्यावर दुप्पट मोठे करून कळत नाही. आणि एक सकाळ पाताळेश्वराच्या लेण्याला द्या. लेण्याच्या आतल्या काळोखी खांबांवर समोरच्या अंगणातून येणारा उजेड एकेक खांब मागे जाताना किती झपाट्याने कमी होतो, हे कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर वाचत पाहिलेत की मंडईत कोणता गाळा निवडावा, हे आपोआप समजू लागते.

पर्वतीपायथा:
आज सकाळी पुन्हा मंडईत गेलो. १/१२५ सेकंद, आयएसओ ३२०० आणि झूम ३५ वर, त्यामुळे छिद्रही थोडे अधिक उघडता आले. त्याच मावशींच्या बोटांवरची माती आणि मेथीच्या देठांवरची सुतळी स्पष्ट आली आहे. एका फोटोत मात्र सुतळी तोडताना बसलेला हिसका १/१२५ लाही पकडता आला नाही. बाकी सारे स्थिर आहे आणि तेवढाच एक हात पुसला गेला आहे. मला तोच फोटो सर्वांत आवडला. पैसे तूर्त बँकेतच ठेवतो आणि रिंगला चिकटपट्टी लावतो.