फ्लाइटगिअर: दाबोळीच्या २६ वर सेसना डावीकडेच का पळते?

डिचोलीकर
फ्लाइटगिअर या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये सेसना १७२पी घेऊन दाबोळीच्या २६ नंबरच्या धावपट्टीवर उभा राहतो, पूर्ण थ्रॉटल देतो आणि विमान मधली पांढरी रेघ सोडून डावीकडे गवतात. उजवं रडर (उभ्या शेपटीची हलणारी फळी) मारलं की सावरतं, पण मग नागमोडी धावतं. कसंबसं वर गेलं की नवीनच दुखणं: स्टिक सोडली की हळूहळू उजवीकडे कलतं. हवामान लाइव्ह ठेवलंय. जॉयस्टिक म्हापशाच्या बाजारातली, सेकंडहँड, दांडा पिळून रडर फिरवायची सोय (ट्विस्ट) नाही, म्हणून रडर नमपॅडच्या ० आणि एंटरवर. विमानाची फाइल बिघडली असेल का? परत डाउनलोड करायची तर पावसात आमच्या नेटला अख्खी रात्र लागेल.

पणजी_ते_मोपा
ऑटो-कोऑर्डिनेशन ऑन कर. विषय संपला.

वास्कोचे काका
कसला संपतोय! त्याने रडर एलेरॉनला, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांना, बांधलं जातं. बाजूच्या वाऱ्यात एलेरॉन वाऱ्याकडे आणि रडर उलट दिशेला द्यावं लागतं, ते मग करणार कसं?

डिचोलीकर, फाइलला हात लावू नकोस. जमिनीवरचं आणि हवेतलं, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

जमिनीवरचं आधी. कॉकपिटमधून बघितलं तर पंखा उजवीकडे फिरतो. त्याची हवा विमानाभोवती पिळा घालत मागे जाते आणि उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आपटते. शेपूट उजवीकडे, म्हणजे नाक डावीकडे. त्यात इंजिनाच्या टॉर्कने डावं चाक जास्त दाबलं जातं. नाक उचललंस की उजवीकडचं, खाली जाणारं पातं जास्त ओढतं, म्हणजे परत डावीकडेच. खऱ्या १७२ मध्येही उजव्या पायाला सुट्टी नसते. जेएसबीसिम, म्हणजे फ्लाइटगिअरमधलं उड्डाणाचं गणित, हे सगळं इमानेइतबारे हिशोबात धरतं आणि लोक त्यालाच बग म्हणतात.

वर आपला पावसाळा. समज, मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) वारा २३० अंशांवरून १५ नॉट आहे. धावपट्टी साधारण २६० ची, म्हणजे ३० अंश डावीकडून, बाजूचा भाग साडेसात नॉट. विमानाच्या पुस्तकात १५ पर्यंत दाखवलाय, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण शेपटीवर वारा बसला की नाक वाऱ्याकडे वळतं. इथे तेही डावीकडेच.

नागमोडी का? नमपॅडचं रडर टप्प्याटप्प्याने सरकतं आणि आपण होऊन मधे येत नाही. एकेक टिचकी दे, नजर पट्टीच्या लांबच्या टोकावर ठेव, थ्रॉटल सावकाश वाढव. ५ दाबलंस तर एलेरॉन, एलिव्हेटर, रडर सगळंच मधे येतं, हे ध्यानात असू दे.

हवेतल्यासाठी डीबग मेनूतून इंटर्नल प्रॉपर्टीज उघड. कंट्रोल्स, फ्लाइट, एलेरॉन. स्टिकला हात न लावता तिथे शून्य दिसतं का सांग. फ्युएल सिलेक्टरही बघ. तो लेफ्टवर राहिला तर डावी टाकी हलकी होते आणि विमान उजवीकडे झुकतं.

पणजी_ते_मोपा
मी मोपावर कायम ऑटोवरच उडवतो, कधी काही झालं नाही.

वास्कोचे काका
लाइव्ह हवामान बंद असेल तुमचं.

डिचोलीकर
काका, सिलेक्टर बोथवरच होता. एलेरॉन मात्र स्टिकला हात न लावता ०.०७ दाखवत होतं! जॉयस्टिकच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्या अक्षाला ०.१ डेड-बँड (मधल्या बारीक हालचाली शून्य धरायची मर्यादा) दिला, आता पंख सरळ राहतात. मेटार हाताने टाकून वारा शून्य केला तरी जमिनीवर डावीकडे ओढतंच, पण निम्म्याहून कमी. लाइव्ह हवामानात टिचक्या देत रेघेवरून उठलो. उतरताना अजून वारा बाजूला ढकलतो, त्याचा धागा वेगळा काढतो.

वास्कोचे काका
काढ. मेटार आणि अप्रोचचा वेग दोन्ही लिही. आणि ऑटो-कोऑर्डिनेशन बंद!