सल्ला हवाय: पहिला आरसी ग्लायडर शेपटीवाला घेऊ की फ्लाइंग विंग?

पसरणीकर: मंडळी, सिम्युलेटरवर बरेच दिवस हात मारून झालाय, आता खरा, रिमोटवर उडणारा (आरसी) ग्लायडर घ्यायचाय. दोन मीटर पंखाचा, फोमचा, नाकात मोटर असलेला शेपटीवाला की ईपीपीची (लवचिक, चिवट फोमची) फ्लाइंग विंग, म्हणजे शेपूट नसलेला नुसता पंख, यात गाडी अडकलीय. राहतो वाईत, म्हणजे खाली रानं आणि वर पाचगणीचं टेबललँड, दोन्ही हाताशी. विंग दिसायला लई भारी आणि दोनच सर्व्होंत (हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरींत) काम भागतं म्हणून स्वस्तही पडेल. जवळपास शिकवणारं कुणी नाही. काय करू?

थर्मलवेडी: शिकवणारं कुणी नाही ना, मग विषय संपला, शेपटीवाला घ्या. त्यातही रडर-एलिव्हेटरवर (शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांवर) चालणारा, पंखांची टोकं वर वळलेला बघा. गोंधळलात तर स्टिक सोडून द्यायची, उंची असली की तो आपला आपण सरळ होतो. विंगकडून ही अपेक्षा ठेवू नका. तिला मागे लांब शेपूट नाही त्यामुळे नाक वरखाली व्हायला लागलं की ते शांत करणारं काही नाही, सीजी (तोलाचा बिंदू) पाचेक मिलिमीटर मागे सरकला तरी हातातून सुटल्या सुटल्या नाक वर करून कोसळते. आणि अजून एक, विंगचं नाक वर करायला दोन्ही एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर उचलावे लागतात, म्हणजे हळू उडताना लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त हवी असते नेमकी तेव्हाच पंखाची लिफ्ट थोडी कमी होते. उन्हाळ्यात दुपारी नांगरलेल्या रानावर घार घिरट्या घालत वर चढत असते, तिच्या खाली जाऊन तसंच फिरायचं तर शेपटीवालाच हवा.

कातळवारा: रानातलं मान्य ताई, पण टेबललँडवर खाली जांभा कातळ आहे. शेपटीवाला जरा वाकडा उतरला तरी शेपटीचा दांडा आधी मोडतो. ईपीपीची विंग आपटली की उचलायची, झटकायची, परत फेकायची. कड्याला समोरून वारा लागला की मोटर बंद ठेवून कितीही वेळ उडते आणि जोराच्या वाऱ्यातही पुढे सरकते, गरम हवेच्या झोतावर (थर्मलवर) चढणारा हलका ग्लायडर तिथे मागे मागे ढकलला जातो. फक्त उतरताना जपा, कड्याच्या कडेला लगेच मागे हवा उलटी फिरते, तिथे भलेभले खाली आदळतात.

उंडगा: पण तिथे घोडेवाले, पर्यटक आणि वर पॅराग्लायडर, शनिवार-रविवारी तर नकोच. तालुक्यात दुसरी उघडी धार शोधा. आणि कुठेही जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर उडवायला परवानगी असलेला झोन बघून घ्या, २०२१ चे ड्रोन नियम आपल्या खेळण्यालाही लागू आहेत.

पसरणीकर: म्हणजे विंग पुढे कधीतरी घ्यायचीच म्हणा. तिचं सेटिंग खरंच एवढं नाजूक असतं का?

कातळवारा: नाजूक नाही, पण अंदाजपंचे चालत नाही. प्लॅनमध्ये दिलेल्या सीजीच्या खुणा खालून पेनाने करायच्या, त्यावर दोन बोटांनी तोलायची, नाक किंचित खाली राहिलं पाहिजे. दोन्ही एलेव्हॉन पहिल्या फेकीला दोन-तीन मिलिमीटर वर ठेवायचे. मग स्टिक ओढली की दोन्ही वर, उजवीकडे दिली की उजवा वर डावा खाली, हे मागे उभं राहून बघायचं, मिक्स (एकाच पट्टीला दोन्ही कामं देणारं ट्रान्समीटरमधलं सेटिंग) उलटा राहिला तर विंग हातातून थेट मातीत. बरं, लांब गेली की नुसती रेघ दिसते, येतेय का जातेय कळत नाही, खालची बाजू काळी आणि वरची भडक करा.

थर्मलवेडी: रानात उडवणार असाल तर ऊस उभा असताना फाइंडर बजर लावाच, उसात पडलेलं विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. आणि साध्या थर्माकोलला फेविक्विक लावू नका, विरघळतं, ईपीपी आणि ईपीओ या फोमना चालतं.

पसरणीकर: ओके, शेपटीवाला फिक्स. ट्रान्समीटर मोड १ घेऊ की २, म्हणजे मोटरची स्टिक उजवीकडे की डावीकडे?

उंडगा: २ घ्या, बहुतेक जण तोच वापरतात, उद्या कुणी मदतीला आला तर त्याच्या हातात देता येईल. एलेव्हॉन मिक्स असलेलाच बघा म्हणजे विंगच्या वेळी नवा घ्यायला नको.

पसरणीकर: आणि बॅटरी?

उंडगा: मोटरवर आणि ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) काय लिहिलंय ते आधी इथे टाका, मग सांगतो.