मदत हवी आहे: पेडो (लहान मुलांच्या दातांचा विभाग) पोस्टिंगमध्ये ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देताना विद्यार्थ्यांचा हात थरथरतो
नाशिककर डेंटिस्ट मंडळी, फायनल बीडीएसची मुलं मोठ्यांना बिनधास्त ब्लॉक देतात, पण ५ वर्षांचं पोर खुर्चीत बसलं की सिरिंज धरलेला हात थरथरतो. डोसची भीती आकडेमोडीने जाते: लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) वजनाच्या किलोला जास्तीत जास्त ४.४ मिग्रॅ, म्हणजे १५ किलोला ६६ मिग्रॅ. २ टक्के लिग्नोकेन (मिलीला २० मिग्रॅ) जास्तीत जास्त ३.३ मिली. लहानांत मँडिब्युलर फोरामेन (खालच्या जबड्यात नस शिरते ते छिद्र) खाली असतो, सुईही खालून न्यायची, हे पाठ असतं. घोळ घाईत होतो. जागा कोरडी न करताच बधिर करणारं जेल लावतात, मिनिटभर थांबत नाहीत, औषध भसकन सोडतात, पोर किंचाळतं. (आई शेजारी असली तर विचारूच नका.) टेल-शो-डूची (आधी सांगा, मग दाखवा, मग करा) रंगीत तालीम होते, तरी फरक नाही. पहिल्या ब्लॉकआधी तुम्ही काय करून घेता? आधी वरच्या दाढेचं इन्फिल्ट्रेशनच (दाताच्या मुळाजवळचं साधं इंजेक्शन) द्यायला लावावं का?